चित्रकार आणि क्युरेटर यांच्याशी गप्पा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनात चित्रकाराशी किंवा क्युरेटरशी (प्रदर्शनातली कामं निवडून मांडणाऱ्या माणसाशी) बोलायचं आणि ते बोलणं पुढे लेखात, पॉडकास्टमध्ये किंवा कॉलेजच्या प्रकल्पात वापरायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणं बहुतेक मुंबईची आहेत. पुण्यात, कोल्हापुरात किंवा पणजीत कामाची पद्धत तीच राहते, फक्त बाहेरचा आवाज जरा कमी असतो.

गप्पा आणि मुलाखत यांत फरक तो काय?

मुलाखत प्रश्नांच्या यादीवर चालते, गप्पा समोरच्या वस्तूवर चालतात. चित्रासमोर उभं राहून "हा खालचा पिवळा आधी लावलात की नंतर?" असं विचारलं की चित्रकार हात हलवत बोलायला लागतो. खुर्चीत बसवून "तुमच्या कलाप्रवासाविषयी सांगा" म्हटलं की तोच माणूस भाषणाला उभा राहतो.

तयारी दोन्हीला लागते. गप्पांना किंबहुना जास्तच लागते, कारण कागदात डोकं घालून पुढचा प्रश्न शोधण्याची सोय नसते.

किती वेळ मागावा?

४५ मिनिटं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत अनेकदा सांगून सांगून गुळगुळीत झालेली वाक्यं येतात, जी कॅटलॉगमध्ये आधीच छापलेली असतात. त्यानंतर खरं बोलणं सुरू होतं. "फक्त पंधरा मिनिटं द्या" असं नम्रपणे मागणारा माणूस नेमका त्या आधीच उठतो. उलट दीड तासापुढे उत्तरं आखडू लागतात. ज्येष्ठ कलावंत असेल तर एका लांब बैठकीपेक्षा दोन छोट्या बैठका घ्याव्यात. मधल्या दिवसांत त्यांना बरंच आठवतं.

चित्रकार निवांत कुठे सापडतो?

मुंबईत याचं सोपं उत्तर जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासूनच्या या गॅलरीत प्रदर्शनं साधारणपणे मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात आणि चित्रकार बहुधा सगळा आठवडा स्वतः तिथे बसलेला असतो. मंगळवारी उद्घाटनाची गडबड, शनिवार-रविवारी गर्दी, सोमवारी संध्याकाळी चित्रं उतरवायची घाई. उरतात बुधवार, गुरुवार, शुक्रवार. त्यातही दुपारी दोन ते चार या वेळात तो खुर्चीवर बसून अभिप्रायाची वही चाळत असतो, तेव्हा जावं. पूर्वी अशा बोलण्याला आवारातच 'समोवार' होतं. १९६४ मध्ये सुरू झालेलं ते उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं. आता चहाला बाहेर पडावं लागतं आणि रस्त्यावर रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून बोलणं आतच उरकून मग चहाला जावं.

कुलाबा-फोर्टमधल्या खाजगी गॅलऱ्यांचं गणित वेगळं. तिथे प्रदर्शन महिना-दीड महिना चालतं, पण चित्रकार उद्घाटनाला आणि एखाद्या 'वॉकथ्रू'लाच, म्हणजे लोकांना चित्रं दाखवत फिरण्याच्या कार्यक्रमालाच, येतो. वॉकथ्रू संपल्यावर लोक निघून जाईपर्यंत थांबायचं आणि तिथेच पुढची वेळ ठरवायची. उद्घाटनाच्या संध्याकाळी मात्र काही मागू नये. त्या दिवशी चित्रकार सगळ्यांना हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही.

सगळ्यात चांगली जागा स्टुडिओ. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली फसलेली चित्रं, ब्रश बुडवलेले डबे, कॅलेंडरच्या पाठीवर काढलेली रेखाटनं, हे सगळं प्रश्न सुचवतं. मात्र पाठमोरा कॅनव्हास परवानगीशिवाय वळवून बघू नये.

ओळख नसेल तर निरोप कसा पाठवायचा?

पाच-सहा ओळी पुरतात, आणि त्या चित्रकाराचं काम प्रत्यक्ष पाहिल्याचं त्यांतून दिसायला हवं. उदाहरणार्थ:

"नमस्कार. गेल्या बुधवारी तुमचं प्रदर्शन पाहिलं. दारालगतच्या मोठ्या काळ्या चित्रात कागद चिकटवून पुन्हा खरवडल्यासारखं वाटलं, त्याविषयी आणि एकूण कामाविषयी तुमच्याशी पाऊण तास बोलायला आवडेल. बोलणं रेकॉर्ड करून त्यावर आमच्या कॉलेजच्या अंकासाठी मराठीत लेख लिहिणार आहे. पुढच्या आठवड्यात दुपारी कधी जमेल? तुम्ही सांगाल तिथे येईन."

काय पाहिलं, किती वेळ हवा, रेकॉर्डिंग होणार का, भाषा कोणती, छापणार कुठे, एवढं त्यात आलं पाहिजे. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच आठवण करावी. चालू प्रदर्शनाविषयी बोलायचं असेल आणि चित्रकार एखाद्या गॅलरीशी बांधलेला असेल, तर गॅलरीलाही कळवावं, नाहीतर ऐन वेळी "आमच्याशी बोलून घ्या" असं ऐकावं लागतं.

प्रश्न आधी पाठवा म्हणाले तर तीन विषय पाठवावेत, प्रश्न नव्हे. पूर्ण प्रश्नावली पाठवली की तिची टाइप केलेली उत्तरं परत येतात. गप्पा तिथेच संपल्या.

'सर' म्हणायचं, 'मॅडम' म्हणायचं की नाव घ्यायचं?

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या परंपरेत वडीलधारा चित्रकार 'सर'च असतो, त्याने आयुष्यात एक तास शिकवलेलं नसलं तरी. तेव्हा सुरुवात 'सर', 'मॅडम' आणि 'तुम्ही'ने करावी. चाळिशीच्या आतले बरेच जण स्वतःच "नावाने हाक मार" म्हणतात, तेव्हा नावावर यावं. पण छापताना एकच रूप ठेवावं. लेखात अर्ध्यावर 'तुम्ही'चं 'तू' झालं की वाचकाला खटकतं. आणि एकाच वाक्यात तीनदा 'सर' आलं असेल तर दोन काढून टाकावेत.

आधी काय वाचायचं, काय पाहायचं?

प्रदर्शन दोनदा पाहावं. पहिल्यांदा भिंतीवरचा मजकूर न वाचता, दुसऱ्यांदा वाचून. ज्यांवर बोलायचं आहे अशी तीन कामं निवडून त्यांची शीर्षकं, वर्षं, माध्यमं आणि आकार वहीत उतरवावेत. आधीच्या दोन मुलाखती वाचाव्यात, त्यांतले प्रश्न पुन्हा विचारायला नव्हे, कोणती वाक्यं पाठ झालेली आहेत ते ओळखायला.

इतिहासातली एक चूक फार महागात पडते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे हे मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या कलावंतांच्या गटाचे संस्थापक, असं सहज म्हटलं जातं. १९४७ चे संस्थापक सहा: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. गायतोंडे नंतर जोडले गेले. अशी एक चूक पहिल्या पाच मिनिटांत झाली की समोरचा ज्येष्ठ चित्रकार शिक्षकाच्या भूमिकेत शिरतो आणि उरलेला वेळ तुम्हाला कलेचा इतिहास शिकवण्यात जातो.

पहिला प्रश्न कोणता?

साहित्याचा. रंग, कापड, पत्रा, कागद, कॅमेरा, जे समोर आहे त्याचा. असे प्रश्न सोपे वाटतात, पण त्यांना खोटं किंवा गुळगुळीत उत्तर देता येत नाही.

कॅनव्हास असेल तर: चौकट कुणी ठोकली? पांढऱ्या अस्तराचे हात किती? चित्र भिंतीवर टांगून रंगवलं की जमिनीवर आडवं ठेवून? शेवटच्या प्रश्नातून फार निघतं, कारण पातळ रंग उभ्या कॅनव्हासवर ओघळतो आणि आडव्यावर साचतो, म्हणजे चित्रात ओघळ आहेत की तळी, हे तिथेच ठरतं. तैलरंग असेल तर वाळण्याविषयी विचारावं. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड थराला महिने जातात, मग या चित्रकाराच्या खोलीत एका वेळी किती चित्रं अर्धवट उभी असतात? ॲक्रिलिकवाला उलट मे महिन्यात हैराण असतो, पॅलेटवरच रंग वाळतो.

मुद्राचित्र (प्लेटवरून कागदावर छापलेलं चित्र) असेल तर खाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा पाहावा. ३/१० म्हणजे दहा प्रतींतली तिसरी. दहाच का, दहाव्या प्रतीपर्यंत प्लेट झिजते का, पुढे तिचं काय करता, असे प्रश्न ओघाने येतात. ब्राँझ असेल तर ओतकाम कुठे झालं आणि मेणातल्या मूळ कामात नंतर काय हरवलं ते विचारावं. मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) असेल तर सगळ्यात चांगला प्रश्न असा: हे सुटं केल्यावर किती खोक्यांत मावतं, आणि तुम्ही नसताना ते पुन्हा जोडायचं कसं, याच्या सूचना कुणी लिहिल्या?

मुंबई-कोकणातल्या कुणालाही विचारावा असा प्रश्न म्हणजे "पावसाळ्यात काय करता?" कागद फुगतो, मागच्या बाजूला बुरशी धरते, तैलरंग वाळायचं नाव घेत नाही. काही जण चार महिने फक्त रेखाटनं करतात, काही जण बल्ब लावून कपाटं गरम ठेवतात. या एका प्रश्नावर वीस मिनिटं बोलणारे चित्रकार आहेत आणि त्या वीस मिनिटांत कामाची सगळी शिस्त कळते.

साहित्याचा प्रश्न वरवरचा वाटत असेल तर प्रभाकर बरवे यांचं उदाहरण घ्या. ते कॅनव्हासवर एनॅमल वापरत, म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात तो रंग. हा रंग लावल्यावर स्वतःच पसरून सपाट होतो आणि ब्रशच्या खुणा कमी राहतात. घड्याळ, पान, शंख अशा वस्तू त्यांच्या चित्रात स्वच्छ कडांनी, जणू हवेत ठेवल्यासारख्या दिसतात, त्याचा या रंगाशी संबंध आहे. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावत आणि काढत. 'तुमचं तत्त्वज्ञान काय' या प्रश्नापेक्षा रोलरच्या प्रश्नाने त्यांच्या चित्राच्या जास्त जवळ जाता येतं.

'या चित्राचा अर्थ काय?' असं थेट विचारलं तर बिघडतं कुठे?

उत्तर मिळतं, पण ते चित्राबद्दल नसतं. चित्रकार एक तर "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून चेंडू परत टाकतो, किंवा कॅटलॉगमधली वाक्यं म्हणून दाखवतो. त्याऐवजी निर्णयांविषयी विचारावं. यातलं काय पुसलं? हा आकार आधी कुठे होता? संपलं हे कधी कळलं? शीर्षक आधी आलं की गॅलरीने मागितलं तेव्हा? 'शीर्षकहीन' ठेवण्यामागेही निर्णय असतो, त्याबद्दलही विचारता येतं.

चित्रकार बोलतच नाही. विशेषतः अमूर्तवाले.

आधी स्वतः गप्प बसायला शिकावं. प्रश्न विचारल्यावर मनात सात आकडे मोजावेत. शांतता नकोशी होऊन तिसऱ्या सेकंदाला आपणच पुढचा प्रश्न विचारतो आणि येऊ घातलेलं उत्तर बुडतं. बहुतेक रेकॉर्डिंगं इथेच फसतात.

दुसरी युक्ती: प्रश्न न विचारता निरीक्षण सांगावं. "डाव्या कोपऱ्यात हात वेगळा लागल्यासारखा वाटतो." बरोबर असेल तर माणूस खुलतो. चूक असेल तर दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना माणसं प्रश्नाच्या उत्तरापेक्षा मोकळं बोलतात. तिसरी: काहीतरी दाखवायला सांगावं. आवडता ब्रश, जुनी वही, फोनमधले फोटो. हात कामाला लागले की जीभ सुटते.

हो-नाहीत संपणारे प्रश्न टाळावेत. "तुमच्यावर मिनिएचरचा प्रभाव आहे का?" "आहे." पुढे काय?

पैशांविषयी विचारलेलं चालतं का?

किंमत विचारायची असेल तर ती गॅलरीच्या यादीत असते, टेबलावरच्या माणसाला विचारावी. गॅलरी आणि चित्रकार यांच्यातली टक्केवारी (खाजगी गॅलरीत ती निम्म्यापर्यंतही जाते) चारचौघांत विचारू नये. खर्चाविषयी मात्र बिनधास्त विचारावं: फ्रेमिंग, ओतकाम, टेम्पो, स्टुडिओचं भाडं. त्याबद्दल सगळे भरभरून बोलतात.

आणि पोटापाण्याविषयी विचारावंच. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. सुधीर पटवर्धन ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि लोकलमधली, रस्त्यावरची, बांधकामावरची माणसं रंगवत होते. हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवली. नोकरीने वेळ खाल्ला एवढंच नसतं, हातात आणि डोळ्यांत काय आलं, तेही असतं. "दिवसाचं काम काय होतं आणि त्यातलं चित्रात काय शिरलं?" हा प्रश्न तरुण कलावंतालाही तितकाच लागू पडतो, मग तो ॲनिमेशन स्टुडिओत असो की शाळेत चित्रकला शिकवत असो.

क्युरेटरशी काय बोलायचं? त्याने तर काही काढलेलं नसतं.

मराठीत काही जण 'विचारनियोजक' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्याने काम फक्त विचारांचं आहे असा समज होतो. निम्मं काम खिळे, दिवे, विमा आणि ट्रक यांचं असतं. तिथूनच सुरुवात करावी.

पहिला प्रश्न: काय घेता आलं नाही? प्रत्येक प्रदर्शनामागे न आलेल्या कामांची यादी असते. संग्राहकाने दिलं नाही, विम्याचा खर्च झेपला नाही, कागद इतका नाजूक होता की हलवता आला नाही, दारातून आतच गेलं नाही. या यादीतून प्रदर्शनाचा मूळ आराखडा दिसतो.

दुसरा: क्रम. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे १९९६ मध्ये कलादालन झालेल्या जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, प्रेक्षक अर्धवर्तुळाकार मजल्यांवरून चढत चढत घुमटाखाली पोचतो. तिथे २०१९ मध्ये बरवे यांचं प्रदर्शन जेसल ठक्कर यांनी केलं आणि त्याच वर्षाअखेरीस सुरू झालेलं पटवर्धन यांचं नॅन्सी अदजानिया यांनी. अशा इमारतीत सिंहावलोकन, म्हणजे एकाच कलावंताच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन, मांडायचं तर सुरुवातीची कामं तळाशी ठेवायची का, घुमटाखाली कोणतं काम ठेवायचं, धापा टाकत आलेल्या प्रेक्षकाला तिथे काय दाखवायचं, हे प्रश्न अगदी खरे असतात.

तिसरा: उंची आणि उजेड. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवायची रीत आहे. कुणी त्याखाली गेलं असेल तर का? कागदावरच्या कामाला ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), तैलचित्राला १५० ते २०० लक्स, असा सर्वसाधारण दंडक. "खोली इतकी अंधारी का?" या प्रेक्षकांच्या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर बहुधा इथे असतं: जलरंग आणि जुने फोटो उजेडाने फिके पडतात आणि ते नुकसान भरून येत नाही.

चौथा: भिंतीवरचा मजकूर. शंभर-दीडशे शब्दांत काय ठेवलं, काय गाळलं, मराठी पाटी कुणी लिहिली, की इंग्रजीवरून जशीच्या तशी उतरवली? हा प्रश्न थोडा टोचतो. टोचू द्यावा.

क्युरेटर स्वतः कलावंत असेल तर आणखी मजा. कोची-मुझिरिस बिनाले, म्हणजे कोचीतलं द्वैवार्षिक कलाप्रदर्शन, २०१२ मध्ये बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू या मुंबईत काम करणाऱ्या दोन कलावंतांनी सुरू केलं. पुढे २०१४ मध्ये जितिश कलाट आणि २०१६ मध्ये सुदर्शन शेट्टी त्याचे क्युरेटर होते. अशा माणसाला विचारावं: दुसऱ्याचं काम कुठे लावायचं हे ठरवताना स्वतःच्या हाताला किती आवरावं लागलं?

गॅलरीचा माणूस शेजारी येऊन बसला तर?

बसू द्यावं. पण किमान अर्धं बोलणं उभ्याने, चित्रांसमोर फिरत करावं. तिसरा माणूस खुर्चीवरच राहतो. तो मध्ये उत्तर देत असेल तर त्याचा आवाजही नाव घालून नोंदवायचा, चित्रकाराच्या तोंडी घालायचा नाही.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो का?

फक्त लेख लिहायचा असेल तर पुरतो. ऐकवायचं असेल तर दोघांना कॉलरचे माइक हवेत. माइक हनुवटीखाली एक वीतभर, छातीच्या मध्यावर लावावा. खादीचा कडक कुडता, ओढणी किंवा गळ्यातली माळ त्यावर घासत नाही ना ते पाहावं. दहा मिनिटांनी लक्षात येणारा खर्र-खर्र आवाज नंतर काढता येत नाही.

रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवावं. एका माइकच्या तासाभराला साधारण ५२० एमबी लागतात, दोन माइकना एक जीबीच्या आसपास. पडद्यावरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी. हसल्यावरही ती शून्याला टेकता कामा नये. गप्पांत माणसं हसतात, म्हणून बोलण्यापेक्षा हसण्यावर पातळी लावावी.

फोन विमान मोडवर. राखीव म्हणून दुसरा फोन टेबलावर चालू. सुरुवातीला एकदा टाळी वाजवावी, नंतर दोन्ही फाइली जुळवायला ती लागते. निघण्याआधी एक मिनिट कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्यावा. संपादनात तुकडे जोडताना मधल्या फटी त्याने भरतात. हे एक मिनिट हमखास विसरलं जातं, कारण चहा आलेला असतो.

पंखा मुख्य शत्रू. बंद करा म्हटलं की मुंबईत माणूस पाच मिनिटांत घामाघूम होतो आणि उत्तरं तोकडी होतात. मधला मार्ग म्हणजे पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवावा, माइक वाऱ्याच्या झोतात येऊ देऊ नये आणि नंतर ८० हर्ट्झखालचा, म्हणजे खर्जातल्या घरघरीचा, भाग फिल्टरने कापावा. फ्रिजचा प्लग काढला तर त्याजवळ आपली गाडीची किल्ली ठेवावी, म्हणजे पुन्हा लावल्याशिवाय घरातून निघता येत नाही. रिकाम्या पांढऱ्या गॅलरीत आवाज घुमतो. तिथे मधोमध बोलू नये, पडद्याजवळ किंवा पुस्तकांच्या कपाटाजवळ बसावं.

बोलणं कागदावर उतरवायला किती वेळ लागतो?

तासाच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास. सॉफ्टवेअर मदत करतं, पण चित्रकारांचं बोलणं मराठी-हिंदी-इंग्रजी असं मिसळलेलं असतं आणि तिथे यंत्र अडखळतं. माणसांची आडनावं, रंगांची नावं आणि 'नाही' हा शब्द प्रत्यक्ष ऐकून तपासावा. वाक्याच्या शेवटी पुटपुटलेलं 'नाही' गळलं की अर्थ उलटतो.

चित्रकार 'टेक्श्चर' म्हणाला असेल तर 'टेक्श्चर'च ठेवावं, 'पोत' करू नये. 'पोत' म्हणाला असेल तर 'पोत'. मालवणी किंवा कोकणी शब्द आला तर तोही तसाच. माणूस कोणत्या शाळेत घडला ते त्याच्या शब्दांवरून कळतं, ते पुसून टाकण्यात काय हशील?

छापताना किती बदललेलं चालतं?

पाऊण तासात पाच-सहा हजार शब्द होतात, लेखाला दोन हजार पुरतात. म्हणजे कापायचं भरपूर. पुनरुक्ती, 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' कापावं. क्रम बदलला तर चालतो, मात्र लेखाच्या तळाशी तसं लिहावं. ब्रिटिश समीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टर यांनी चित्रकार फ्रान्सिस बेकन यांच्याशी १९६२ पासून वीसहून अधिक वर्षं केलेल्या संभाषणांत वेगवेगळ्या बैठकींतले तुकडे एकत्र जोडले आणि वाचकांना तसं सांगितलंही. सांगितलं, म्हणून ते चालतं.

चालत नाही ते असं: एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावणं. किंवा स्वतःचा प्रश्न नंतर हुशार करणं. प्रत्यक्षात "हे काय आहे?" विचारलं होतं, तर छापतानाही तेच राहू द्यावं.

छापण्याआधी मजकूर दाखवावा का?

दाखवावा, पण कशासाठी ते आधीच सांगून. वर्षं, नावं, माध्यमं, आकार तपासण्यासाठी, आणि त्यासाठी सात दिवस. "भाषा सुधारू नका" हेही सौम्यपणे लिहावं, नाहीतर बोललेलं वाक्य निबंधातलं होऊन परत येतं. "हे छापू नका" असं बोलतानाच म्हटलं असेल तर ते छापायचं नाही, विषय संपला. बोलून झाल्यावर आठ दिवसांनी म्हटलं असेल, तर वाद न घालता कारण विचारावं. बरेचदा प्रश्न एखाद्या सहकाऱ्याच्या नावाचा असतो आणि नाव काढलं की काम होतं.

संमती लेखी घ्यावी. रेकॉर्डिंग कुठे वापरणार, आवाज ऐकवणार का, भाषांतर होऊ शकतं का, अशा तीन ओळींचा मेसेज आणि त्यावर आलेलं 'हो' पुरेसं आहे.

चित्राचा फोटो छापायला परवानगी कुणाची?

चित्रकाराची, किंवा त्याच्या वारसांची. चित्र विकत घेणाऱ्याची नव्हे. कॅनव्हास विकला तरी, वेगळा लेखी करार नसेल तर, कॉपीराइट साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो. भारतात तो चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. बरवे १९९५ मध्ये गेले, म्हणजे २०५५ संपेपर्यंत. गायतोंडे २००१ मध्ये, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. समीक्षेसाठी उचित वापराची सवलत कायद्यात आहे, तरी ज्याच्याशी पाऊण तास बोललात त्याला एक मेसेज करून विचारणं सोपं. बहुधा तो स्वतःच चांगला फोटो पाठवतो.

स्वतः काढायचा असेल तर फ्लॅश नको. कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर, चित्राला समांतर. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले तर एक बाजू निळसर, दुसरी तांबूस येते. दोन्हींपैकी एक बंद करावं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर काळा शर्ट घालून, मागचे दिवे मालवून काढावा.

फोटोओळीत काय काय लागतं?

चित्रकाराचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार, सौजन्य, छायाचित्रकार. मधला भाग असा: "शीर्षक, २०२३, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, १२२ × १८३ सेंमी." आधी उंची, मग रुंदी, शिल्पाला शेवटी खोली. इथे नेहमी गोंधळ होतो, कारण स्टुडिओत आकार फुटांत सांगतात आणि "सहा बाय चार" म्हणजे आडवं की उभं ते प्रत्येकाच्या सवयीवर असतं. फोटो समोर धरून विचारून घ्यावं.

रेकॉर्डिंगचं पुढे काय करायचं?

लेख आला म्हणून मूळ फाइल पुसू नये. कापलेले तीन-चार हजार शब्द दहा वर्षांनी एखाद्या संशोधकाला लेखापेक्षा जास्त उपयोगी पडू शकतात. तीन प्रती ठेवाव्यात: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक ऑनलाइन किंवा दुसऱ्याच्या घरी. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, आडनाव, ठिकाण, भाग क्रमांक. 'नवीन रेकॉर्डिंग १७' या नावाची फाइल दोन वर्षांनी कुणी उघडत नाही. सोबत एका साध्या मजकूर फाइलीत कोण बोलतंय, कुठे, कोणत्या कामांसमोर, आणि काय छापायचं नाही असं ठरलं, ते लिहून ठेवावं. छापलेल्या लेखाची एक प्रत आणि पूर्ण रेकॉर्डिंगची एक प्रत कलावंताला द्यावी.